पाठीमागची कडी

परवा मंगळवारी सकाळी चिकलठाण्याच्या पुढं एका नव्या कॉलनीत मी अख्ख्या गल्लीची फुकट करमणूक केली. अर्ध्या मित्रांना बातमी पोचलेली आहेच… आता माझ्या तोंडून ऐका.

मी सेकंड इयरला सरांशी भांडून कॉलेज सोडलं, हे माहीतच आहे. आठ महिन्यांपासून करीम मामूंच्या हाताखाली झाडांच्या फांद्या उतरवायचं काम करतो. म्हणजे मामू वर चढून कापतात आणि मी खाली ओढत नेतो.

पाऊस नाही, बोअर आटलेत, त्यात सिमेंटचे रस्ते थेट बुंध्याला टेकलेत. जुने कडुलिंब शेंड्याकडून वाळायला लागलेत. वाळकी फांदी कुणाच्या पत्र्यावर पडायच्या आत उतरवावी लागते, त्यामुळं काम भरपूर.

मामू म्हणाले होते, "मंगल कू तू चढ. जमा तो उप्पर का आदमी, नई तो फांद्याच खींचते रह."

आणि पत्ता मी दोनदा विचारून घेतला. ती गल्ली तिची होती. नाव लिहीत नाही… कॉलेजात ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. कॉलेज सुटल्याचं वाईट वाटलं नाही, त्या बाकाचं लई वाटलं.

आता तिच्यासमोर मामूंचा तो रंग उडालेला, घामट पट्टा घालून चढायचं? छे! फॅक्टरीवाल्यांना सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. नारिंगी-काळा हार्नेस, छातीवर क्रॉस, खांद्यावर चमकणाऱ्या रेघा… आरशात बघितलं तर थेट कमांडो. घेतला.

मामूंचा एक नियम आहे. पट्टा नवा असो की माणूस, आधी झाडाखाली गुडघाभर उंचीवर लटकायचं. एक चहा पिऊन होईतो. मगच वर.

नेमका त्याच वेळी टँकर आला. आठवड्यानं आलेला टँकर, म्हणजे सगळी गल्ली ड्रम-बादल्या घेऊन रस्त्यावर. तीही होती, पाईप धरून. तिच्यासमोर पाळण्यातल्या बाळासारखं लटकू? मामू घरमालकाशी बोलायला आत गेले, तेवढ्यात मी वरच्या फांदीवरून सोडलेली दोरी पट्ट्याच्या कडीत अडकवली आणि शिडी चढलो.

त्या पट्ट्याला कडी एकच होती, पाठीवर, खांद्यांच्या मधोमध. मला वाटलं, कुठं का असेना…

बेचक्यापाशी पोचलो, शिडीवरून पाय काढले आणि ऐटीत मागं रेललो. पुढच्या क्षणाला मांजरीनं पिल्लू मानेला धरून उचलावं तसा मी! तोंड रस्त्याकडं, झाड पाठीमागं, दोरी डोक्याच्या मागं. हात कशालाच पोचेनात. वर मी हळूहळू गोल फिरतोय…

फिरता फिरता ती दिसली. तोंड उघडं टाकून वर बघत होती आणि तिच्या हातातला पाईप ड्रममधून निसटून रस्त्यावर धो धो वाहत होता.

"अगं ए, पाणी बघ की! त्या माकडाला काय बघतीस!" शेजारची मावशी ओरडली. मग गल्ली तिच्यावर ओरडली आणि ती माझ्यावर… "उतर ना खाली, मूर्खा!" वर्षभरात ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मामू बाहेर आले. धावले नाहीत. शांतपणे शिडी माझ्या पायाखाली सरकवली. पण जमिनीला पाय लागेपर्यंत माझं डोकं फिरलं होतं. हेल्मेट फेकलं, गाडीची किल्ली काढली. "नको मला तुमचं काम!"

"जा बेटा," मामू म्हणाले. "पन सुन के जा. ये पट्टा बुरा नई है. गिरे तो पकडता. मगर झाड पे अपन गिरने कू नई जाते, बैठ के काम करने कू जाते. बैठने कू कडी सामने होना." बोलता बोलता त्यांनी स्वतःच्या कमरेचा पट्टा सोडला आणि माझ्यापुढं धरला. "गुस्से में भी लटक सकते. लटक."

किल्ली हातात तशीच होती. कॉलेजच्या गेटवरही अशीच हातात होती… तेव्हा कुणी माझ्यापुढं काही धरलं नव्हतं. किंवा धरलंही असेल, मी बघितलं नसेल.

किल्ली खिशात टाकली आणि तो घामट पट्टा चढवला.

गुडघाभर उंचीवर लटकलो. मामूंनी चहा मागवला आणि मुद्दाम फुंकून फुंकून प्यायला. टँकरचा ड्रायव्हर विचारतो, "काय भाऊ, झोका देऊ का?" कान लाल झाले… पण खरं सांगतो, खुर्चीत बसल्यासारखं वाटत होतं. कडी बेंबीपाशी, दोरीवरची गाठ नाकासमोर, दोन्ही हात मोकळे.

कप खाली ठेवून मामूंनी मानेनंच 'जा' म्हटलं.

वर गेलो. वाळकी फांदी आधी दोरीनं बांधली. खालून थोडा काप, मग वरून, साल न फाटता. फांदी पत्र्यापासून वीतभर अंतरावरून गेली आणि मामूंनी दोरी ढिली करत ती अलगद जमिनीवर टेकवली. शाबासकी वगैरे काही नाही. खालून फक्त आवाज आला, "अब वो बाजूवाली."

वरचा आदमी!

तीन फांद्या झाल्यावर खाली बघितलं. टँकर केव्हाच गेला होता, ती कधी गेली कळलंच नाही. तेवढा वेळ मला तिची आठवणच आली नव्हती. नंतर आली, भरपूर आली, तो भाग वेगळा 😄

नारिंगी पट्टा चुलतभावाला दिला. तो बिल्डिंगांना बाहेरून रंग देतो, त्याला शोभतोही.

मामूंकडं बटणांचा फोन आहे, ते हे वाचणार नाहीत. म्हणून बिनधास्त लिहितो… मामू, तुम्ही 'जा' म्हणालात आणि त्याच वेळी पट्टाही पुढं केलात. मी पट्टा घेतला. शुक्रिया.