रस्त्यापलीकडचा चहा

कुठलाही नकाशा समोर आला, की सर आधी चष्मा कपाळावर ढकलायचे आणि विचारायचे, "रस्ता चालून बघितलास का?" नाही म्हटलं, की कागदाची गुंडाळी करून माझ्या हातात द्यायचे. "मग चल. ऊन स्वल्पच आहे."

आमच्या ऑफिसात ते नागरी रचनाकार होते. रस्ता, फुटपाथ, बसथांबा आणि झाड यांनी एकमेकांशी कसं वागावं, हे ठरवणारा माणूस. निदान पगार त्याचा मिळायचा, ठरवायचे दुसरेच. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरूतलं, मी पुण्याहून येऊन त्यांच्या हाताखाली लागलेली.

मारतहळ्ळीच्या एका रस्त्याचं काम आलं. बसथांबा एका बाजूला, अपार्टमेंट दुसरीकडे. घरकामाला येणाऱ्या बायका साड्या खोचून मधला दुभाजक चढायच्या. सर तीन दिवस त्यांच्याबरोबर चढले, गुडघा फोडून घेतला, आणि नेमकी तिथंच सिग्नलसकट पायी ओलांडायची वाट आखली. "त्यांनीच दाखवली. मी नुसतं गिरवलं."

सरकारी साहेबांना ती नको होती; गाड्या थांबतील म्हणे. तेव्हा सरांनी युक्ती केली. पाहणीला साहेब बसथांब्यापाशी उतरणार होते, म्हणून चहा-इडली बरोबर समोरच्या बाजूला मांडली. चहासाठी तरी रस्ता ओलांडतील, मग कळेल. असे भाबडे हुशार लोक तुम्हीही पाहिले असतील.

साहेबांनी रस्ता पाहिला, पलीकडे उभे असलेले आम्ही दोघं पाहिले, आणि ते परत गाडीत बसले. यू-टर्न घेऊन यायला त्यांना पाऊण तास लागला. इडल्या गार झाल्या होत्या.

"बरं झालं बोलावलंत," साहेब म्हणाले. "यू-टर्न फारच अरुंद आहे."

"सरी," सर एवढंच म्हणाले. कानडीतलं 'बरं'.

यू-टर्न रुंद करायचं ठरलं, आणि त्या रस्त्यावर सिग्नल नको, असंही. ऑफिसला एक फोन आला आणि नकाशातली ती वाट पुसली गेली. पुसली मीच. त्याचा राग अजून जात नाही. साहेबांवरचा कमी, स्वतःवरचा जास्त.

महिनाअखेर सरांनी नोकरी सोडली. काम झाल्यावर दुभाजकावर फलक लागला, त्यावर नागरी रचनाकार म्हणून सरांचं नाव. त्यानंतर त्यांचा एकदाच फोन आला. "तेवढं नाव काढता येईल का गं? त्या बायकांना माझं नाव माहीत आहे."

मी चौकशी केली. नाव काढायला अर्ज आणि तीन सह्या लागतात. अर्ज देऊन आता वर्ष झालं. बायका अजून दुभाजक चढतात. आधाराला त्या फलकाचाच खांब धरतात.