कंपनीच्या गोणी

आईचा खोकला आम्ही चुलीच्या नावावर खपवला. घरात गॅस आला, चूल मागच्या पडवीत गेली, खोकला होता तिथंच राहिला. तरी आम्ही आपले चुलीलाच शिव्या घालत बसलो. शहाणी माणसं ना आम्ही!

काळजी सगळी बाबांची. बाबा तरुणपणी सिमेंटच्या पत्र्यांच्या कंपनीत होते. पत्र्यात घालायचा अॅस्बेस्टॉस गोणींतून यायचा. त्या गोणी फोडून मशीनमध्ये ओतायच्या, हे बाबांचं काम. कंपनी बंद पडून जमाना झाला. पण ही धूळ छातीत बसली की वर्षानुवर्षं गप्प राहते आणि म्हातारपणी डोकं वर काढते. किन्हवलीचे त्यांचे कंपनीतले जोडीदार धापा टाकत गेले, तेव्हा कुठं आम्हाला हे कळलं. तेव्हापासून बाबांना दरसाल छाती तपासायला मी नेते. "मला काय धाड भरलीय?" हा त्यांचा दरवेळचा हेका. आणि आई दरवेळी सोबतीला, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसलेली.

यंदा दवाखान्याचा जिना चढताना ती मधेच बसली. बाबा वरून ओरडले, "चल गो, नंबर जाईल!" तिला बोलताच येईना. डॉक्टरीणबाईंनी दारातून ते पाहिलं. आम्ही आत गेल्यावर त्यांनी बाबांच्या छातीचा फोटो बाजूला ठेवला आणि आईलाच विचारलं, "ह्यांचे कंपनीतले कपडे कोण धुवायचं?"

"मीच. दुसरं कोन धुनार?" आई म्हणाली. कधी नव्हे ते कुणीतरी तिला विचारलं होतं, मग ती गोणींचंही सांगत बसली. मोकळ्या झालेल्या गोणी बाबा घरी आणायचे. चांगलं जाड तागाचं कापड, टाकवेल कुणाला? आई त्या अंगणात दांडक्यानं झोडायची, पांढरा फुफाटा उडायचा. मग त्या उसवून, एकमेकींना शिवून भात झोडायच्या वेळी खळ्यात अंथरायची. दाणा म्हणून मातीत जायचा नाही. आमच्यासारखं खळं गावात नाही, असं बाया म्हणायच्या. सांगताना आईचा चेहरा नुसता फुलला होता. डॉक्टरीणबाई मात्र खाली बघू लागल्या.

मग आईचाही फोटो काढला, मोठ्या मशीनमध्येही घातलं. पुढच्या आठवड्यात कळलं, तिची छाती बाबांपेक्षा वाईट आहे. झालेलं भरून येणार नाही. आहे तेवढा श्वास जपायचा, धुराधुळीपासून लांब राहायचं, साधा ताप आला तरी लगेच दाखवायचं, एवढंच आता हातात.

बाबा चवताळले. "अवो, कंपनीत मी व्हतो! ती एक दिवस नाय गेली. नीट बघा, अदलाबदल झाली असल." मग त्यांना काय आठवलं कोण जाणे, ते मटकन खुर्चीत बसले.

परतीच्या एसटीत माझं डोकं फणफणत होतं. कंपनीवर राग, बाबांवर राग, माझ्यावर तर सगळ्यात जास्त. इतकी वर्षं ही शेजारच्या बाकावर खोकत होती आणि आम्ही बाबांचे फोटो उजेडात धरून बघत होतो! आणि राग काढायला सापडली कोण, तर तीच. मी डाफरले, "दम लागत होता तर बोलली का नाहीस? तोंडाला काय कुलूप लावलं होतंस?"

"वयानं लागतो दम. त्यात काय सांगायचं?" ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली.

मुरबाड यायला आलं तशी ती एकदम माझ्याकडे वळली आणि तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"गोनी झोडताना तू पाठीला बांधलेली असायचीस गो. खाली ठेवली की रडायचीस." एवढं बोलून तिला धाप लागली. ती ओसरेपर्यंत तिनं मनगट सोडलं नाही. मग विचारलं, "तुला तं नाय ना लागत दम?"