आगबोटीच्या सात खिडक्या

मुरुडला राहिलं की चपलेत वाळू येते. समुद्रावर गेलो नाही तरी येते. दर रविवारी रशीदभाईंच्या पडवीत बसणाऱ्या आम्हा तिघांचे किस्से तसेच आहेत. कोणी जमवायला गेलं नव्हतं, पण झटकले तरी घरापर्यंत येतात. त्यांतले एकाच वस्तूभोवतीचे काही इथे झटकतो.

आम्ही तिघे म्हणजे रशीदभाई, पाटील सर आणि मी. रशीदभाई बावीस वर्षं आखातात फिटर होते. सर तळा गावच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. आम्ही जहाजांच्या छोट्या प्रतिकृती करतो. आम्ही त्याला स्केल मॉडेलिंग म्हणतो. रशीदभाईंच्या घरातून खालिदाभाभी विचारतात, "आज बोटी-बोटी किती वाजेपर्यंत?"

*

मी एका जुन्या आगबोटीचं मॉडेल करत होतो. माझ्या पत्नीचे, रजनीचे, आजोबा त्या बोटीनं मुंबईला जात. हातभर लांब, पांढरी, दोन्ही बाजूंना बारा-बारा गोल खिडक्या. खिडकी म्हणजे मोहरीहून जरा मोठी काळी चकती. ती कापायला मी कात्री वापरली, रिकाम्या रिफिलीचं टोक घासून पाहिलं, चांभाराकडचा चामड्याचा पंचही आणला. प्रत्येक चकती उंदरानं कुरतडल्यासारखी.

रजनी आरशासमोर उभी होती. कार्डावरची बारीक काळी टिकली तिनं कपाळाला लावली. मग दुसरी काढली आणि बोटाच्या टोकावरून बोटीला लावली.

"ही घ्या तुमची खिडकी."

मी भिंगातून पाहिलं. खोट काढता येईना. म्हटलं, "मग सगळ्याच लावून टाक."

"आजच सगळ्या लावल्या तर उद्या मला हाक कोण मारणार?"

तेव्हापासून रोज सकाळी एक तिची, एक बोटीची. एक बाजू पूर्ण झाली. दुसऱ्या बाजूच्या पाच झाल्या. अठराव्या दिवशी सकाळी आम्ही पनवेलच्या दवाखान्यात होतो. तिथून मी एकटा परत आलो.

*

काही महिन्यांनी मी बोट पडवीत नेली. घरी तिच्याकडे बघत बसणं बरं नव्हतं.

सरांनी मोजलं. "सात राहिल्यात. टिकल्या?"

"कार्ड संपलं," मी म्हणालो.

कार्ड संपलेलं नाही. आरशाच्या कोपऱ्यात खोचलेलं आहे आणि त्यावर नऊ टिकल्या आहेत. हे मी पडवीत कधी सांगितलं नाही, इथे सांगतो.

"मग आपण पंच-डायचा छोटा सेट घेऊ," सर म्हणाले. पंच-डाय म्हणजे पोलादी ठोकळा, त्यात वेगवेगळ्या मापांची भोकं. मधल्या फटीत प्लास्टिकचा पातळ पत्रा सरकवायचा, भोकात त्याच मापाची सळई उभी धरायची आणि वरून एक ठोका. खालून गोल चकती पडते. "चोवीसच्या चोवीस नव्या काढू. जुन्या सतरा खरवडायला दहा मिनिटं लागतील."

मी बोटीची डोलकाठी बघत राहिलो.

रशीदभाईंनी हातातली कानस खाली ठेवली. "सर, चहा प्या."

सरांनी चहा प्यायला. कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "किंवा असं करू. सतरा आहेत तशा राहू देत. त्यांच्याशी जुळतील अशा सात काढू."

सेट निवडायची अट त्या कपात ठरली.

*

रशीदभाईंनी आखातातून आणलेला व्हर्निअर काढला आणि बोटीवरच्या टिकलीचं माप घेतलं. दोन पॉइंट दोन मिलिमीटर. बाजारातल्या सेटमध्ये दोनचं भोक असतं आणि त्यापुढे थेट अडीचचं.

सरांनी वहीत रकाने आखले. पोलाद कडक की मऊ, सळई भोकात डगमगते की नाही, वरची पट्टी पारदर्शक आहे का, म्हणजे पत्रा नेमका कुठे बसलाय ते दिसेल. शेवटचा रकाना 'दोन पॉइंट दोन'. तो तीन महिने रिकामा होता.

शेवटी त्यांनी मुंबईच्या एका दुकानदाराला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"दो का ले लो ना सर. पॉइंट दो का फरक कौन देखता है?"

सरांनी आमच्याकडे पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाले, "हम तीन लोग."

*

मी मध्येच म्हटलंही, की खरंच कोणाला दिसणार आहे. दुकानदाराचं काही चुकलं नव्हतं.

रशीदभाई म्हणाले, "भाऊ, एकटी चकती बघितली तर न्हाय दिसत. ओळीत ठेवली का दिसते. वर्कशॉपात आमचा सुपरवायझर एक बोल्ट हातात घेऊन कधीच बोलायचा न्हाय. दहा लावून ठेवा म्हणायचा, मग बोलायचा."

*

सेट शेवटी घेतला. दोनचाच घेतला, कारण रशीदभाईंची योजना होती. दोनचं भोक ड्रिलनं दोन पॉइंट दोनचं करायचं आणि त्याच ड्रिलची मागची दांडी पंच म्हणून वापरायची. योजना उत्तम होती. सरांनी मात्र रकाने लावून सगळ्यांत कडक पोलादाचा सेट निवडला होता.

पहिलं ड्रिल मोडलं. दुसरं मोडलं. तिसरं नुसतंच फिरत राहिलं आणि पोलाद चकचकीत झालं.

रशीदभाईंनी गॉगल वर सरकवला. "सर, तुम्ही फार चांगला सेट निवडला."

*

आणलाच आहे तर दोनची एक चकती काढून पाहू, असं ठरलं. लहान हातोडी सापडेना, म्हणून भाभींचा बत्ता आणला. रशीदभाईंनी ठोका घातला. भोक सुरेख पडलं. चकती कुठेच नव्हती.

तिघं मिळून एकशे नव्वद वर्षांची माणसं पडवीत गुडघ्यांवर रांगत होती. चटई झटकली, पायपुसणं झटकलं. अर्ध्या तासानं भाभी चहा घेऊन आल्या आणि सरांकडे बघत थांबल्या.

"सर, गालावर तीळ कधीपासून आला?"

*

खाऱ्या हवेत पोलादाला आठवड्यात गंज चढतो. सरांनी सेट घरी नेऊन त्याला खोबरेल तेल चोळलं. ते डिसेंबरचे दिवस होते. तेल थिजलं आणि पंच भोकात घट्ट बसला.

रशीदभाईंनी सेट अंगणात उन्हात ठेवला. तिथे भाभींचे बोंबील वाळत होते. भाभींनी सेटला जरा बाजूला जागा करून दिली आणि विचारलं, "याला किती ऊन लागतं? बोंबलाला दोन दिवस लागतात."

सेट तासाभरात मोकळा झाला. वास अजून आहे.

*

आता कोणी म्हणेल, दुकानातून नवं टिकल्यांचं कार्ड का आणलं नाही. हातात व्हर्निअर असलेल्या माणसांना सोपी गोष्ट शेवटी सुचते. मला सुचली तेव्हा मी गेलो. बाजारात नलूताईंचं कटलरीचं दुकान आहे. रजनी सगळं तिथूनच घ्यायची. मी पायरी चढलो. नलूताईंनी हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या. त्यांच्यामागे भिंतभर टिकल्यांची कार्डं लटकत होती.

"बोला दादा," त्या अगदी हळू म्हणाल्या.

मी दोन पेन्सिल सेल घेऊन परत आलो.

पुढच्या रविवारी मी हे पडवीत सांगितलं. सर म्हणाले, "मी गेलो असतो. पण माझ्यासारख्या माणसानं टिकल्या नेल्या तर संध्याकाळपर्यंत काशीदला माझ्या लग्नाची बातमी जाईल."

भाभी आत भांडी लावत होत्या. भांड्यांचा आवाज मध्येच थांबला होता.

*

त्यानंतरच्या रविवारी भाभी पडवीत आल्या. अंगात बुरखा तसाच, नुकत्याच बाजारातून आलेल्या. त्यांनी टेबलावर टिकल्यांचं एक कार्ड ठेवलं आणि कार्डावर व्हर्निअर ठेवला. तो सकाळपासून सापडत नव्हता म्हणून रशीदभाई आम्हां दोघांवर चिडलेले होते.

रशीदभाईंनी माप घेतलं. पुन्हा घेतलं. मग बोट उचलून माझ्यासमोर ठेवली.

मी पहिली टिकली चिमट्यानं उचलली. ती चिमट्यालाच चिकटली. मग चिमटा ठेवला आणि टिकली बोटाच्या टोकावर घेतली. ती बसली. जुन्या पाचांच्या रांगेत सरांना ही सहावी ओळखता आली नाही. मी दुसरी घेतली.

तेव्हा भाभी खुर्चीत टेकल्या आणि दुकानात काय झालं ते सांगू लागल्या. त्यांना टिकल्यांसमोर उभं पाहून नलूताईंना आधी वाटलं, चुकून आल्या. मग भाभींनी पर्समधून व्हर्निअर काढला आणि एकेक कार्ड मापायला घेतलं. नऊ कार्डं झाली. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली.

"शेवटी नलू विचारते, भाभी, कोनासाठी गो? म्हटलं, हाय एक. तर म्हनते, रंग सांग तिचा, म्हनजे मी बरोब्बर देते. सावली असली तर मरून रंगाची घे, गोरी असली तर काली उठून दिसल."

"मग?" सरांनी विचारलं.

"मग काय. म्हटलं, गोरी हाय. ऑइलपेंटचे दोन हात मारलेत."

मी तेव्हा विसावी टिकली लावत होतो. ती ओळीतून किंचित वर गेली आहे.