दोसिंगच्या डोक्यातली तार

दोसिंग,

तुला रागवायलाच हे लिहिते आहे, तेव्हा गोड वाक्यांची वाट बघू नकोस. पण आधी तुझी हकीकत नीट सांगू दे. तू सांगतेस तेव्हा त्यातला डॉक्टरणीचा भाग गाळतेस.

आपल्या धक्क्यावर मासळीचा भाव कोणी ओरडत नाही. गिऱ्हाईक दलालाच्या कानाशी येऊन आपली बोली कुजबुजतं. दलाल सगळ्यांचं ऐकतो आणि ज्याची बोली मोठी त्याच्याकडे बोट दाखवतो. त्यात दलालाने “काय म्हणालात?” विचारलं की संपलं. भाव शेजाऱ्याला कळतो आणि गिऱ्हाईक उद्या दुसऱ्याच्या कानाशी जातं.

आणि या धंद्यात तू, ठार बहिरी. तापात दोन्ही कान गेले, तेव्हा शहरातल्या डॉक्टरणीने तुझ्या कानामागचं हाड कोरलं आणि आतल्या गोगलगाईसारख्या पोकळीत बारीक तार सरकवली. बाहेरचं यंत्र कानावर, त्याचा माइक वरच्या टोकाला. तू गिऱ्हाइकांना दरडावलंस, “कानात नाही, कानाच्या वर बोला.” वर्षानुवर्षं अख्खा धक्का तुझ्या केसांत कुजबुजला.

मग त्या उन्हाळ्यात माशांच्या टबाची कड तुझ्या कानामागे बसली आणि आवाज फाटायला लागला. तू दोष कोणाला दिलास? गिऱ्हाइकांना!

“वर बोला, मानोंग काद्यो! अजून वर!”

काद्यो तुझा सगळ्यात जुना खरेदीदार, वयाने मोठा म्हणून मानोंग, म्हणजे दादा. तो म्हणाला, “आणखी वर गेलो तर तुझ्या टकुऱ्यावरच बसावं लागेल, इंदाय, पोरी.”

लोक हसले. पण दुसऱ्या दिवशी काद्यो शेजारच्या टबावरच्या दलालीण नेनेथच्या कानाशी उभा होता, आणि त्याच्या मागे आणखी चौघं.

“गिऱ्हाइकांची तोंडं ठीक आहेत, तुझी तार बिघडली आहे,” मी म्हटलं आणि तुला बोटीत घातलं.

डॉक्टरणीने तपासलं. तारेवरचे आवाज पोचवणारे निम्मे बिंदू मुके झाले होते. ती म्हणाली, “जुनी काढून त्याच वाटेने नवी घालावी लागेल. वाटेत व्रण धरला असेल. नवी पुरती आत गेली नाही, तर आता येतं त्याहूनही कमी ऐकू येईल.”

तुझी मुलगी ग्रेसिल रडायलाच लागली. “नानाय, आहे त्यात भागव ना. तू वजनकाट्यावर बस, बोली मी ऐकते.”

“काट्यावर या ताईला, मानांगला बसव,” तू माझ्याकडे हनुवटी उडवलीस. “तिला नुसतं बघायचंच काम जमतं.”

आणि सही केलीस. पेन कागदातून आरपार गेलं असतं.

नवी तार गेली, पण शेवटचं टोक आत शिरेना. तेवढं डॉक्टरणीने बाहेरच ठेवलं, जोर लावला नाही. शहाणी बाई. जखम भरल्यावर यंत्र चालू केलं तेव्हा तुझं तोंड आंबट झालं.

“सगळे बदकासारखे बोलताहेत, मानांग.”

“तू तर आधीपासूनच तशी बोलतेस.”

मग रोज माझ्या ओसरीवर मी तुझ्या पाठीमागे बसायची, ओठ पंख्याने झाकून आकडे कुजबुजायची. चुकलीस की पाय आपटून “पुन्हा” म्हणायचीस. माझा घसा बसला. तुला दया आली नाही.

तू धक्क्यावर परतलीस त्या पहाटे तुझ्या टबापाशी कोणी फिरकेना. शेवटी काद्यो आला आणि मुद्दामच ओंजळ करून तुझ्या कानावर धरली. तू त्याचं मनगट पकडलंस.

“कान शोभेचा आहे, मानोंग. वर बोला.”

“केसांत तोंड घालू? पलीकडे माझी बायको बघते आहे!”

“तिलाही बोलवा. बोली तुमच्याहून जास्त लावेल.”

तो वर वाकला, कुजबुजला. मग नेनेथकडचे दोघं आले. तू कोणालाच पुन्हा विचारलं नाहीस. काद्योकडे बोट दाखवलंस. त्याने टोपी काढून स्वतःला वारा घातला आणि टब उचलला. बाकीचे दोघं गेले नाहीत, तिथेच पुढच्या टबासाठी थांबले.

आता रागाचं. काढलेली तार शहरातल्या इस्पितळाने तपासायला ठेवून घेतली, आणि तुला ती हवी होती, काट्याच्या वर टांगायला. इतकी वर्षं आपण कशात कुजबुजत होतो ते गिऱ्हाइकांना दिसावं म्हणून. “इंग्रजीत भांडायला तू चल,” म्हणालीस. मी छत्री घेऊन बोटीपाशी उभी. तू आलीच नाहीस. मासळी उतरत होती, म्हणे. पुढच्या वेळीही उतरत होती. काट्याच्या वर तारेसाठी ठोकलेला खिळा रिकामाच आहे.