बायनाबाईचा पाला आणि पंचायतीचा ठराव

बायनाबाईला कुणाशीही भांडता येत होतं, आणि भांडण मिटायच्या आत त्याच माणसाच्या घरी जाऊन चहाही पिता येत होता. पहिला गुण बोरखडीत घरोघर होता. दुसरा तिच्या एकटीचा, आणि म्हणूनच साऱ्या गावाशी भांडूनही ती साऱ्या गावाची काकू होती.

बोरखडी हे ताडकळसच्या रस्त्यावरून आत वळल्यावर लागणारं गाव. बायनाबाईचा मुलगा बालाजी आणि सून राजेश्री दिवाळीनंतर पोरांना घेऊन ऊसतोडीला गेले होते, ते पाडव्याला परत यायचे होते. घरी उरल्या दोघीच, बायनाबाई आणि तिची बिजली. बिजली ही म्हैस. नाव तिला कुणी आणि का दिलं देव जाणे. गावातली बिजली निदान जायची-यायची तरी, ही एकदा बसली की जागची हलत नसे. सध्या ती गाभण होती आणि महिन्याभरात वेणार होती. आजीकडे गेलं की खरवस, असं राजेश्रीने फडावर पोरांना कबूल करून ठेवलं होतं.

बालाजीचं म्हणणं मात्र वेगळं होतं. "आई, कडबा सरत आलाय. उपाशी मारण्यापरीस इकून टाक तिला," असं तो दर फोनला म्हणायचा. बायनाबाई फोन कानापासून लांब धरायची आणि बोलून झाल्यावर परत कानाला लावायची.

कडबा सरत आला होता हे खरंच होतं. पण बिजलीचं पोट चालत होतं मंगळवारच्या बाजारावर. पत्ताकोबीची वरची पानं, मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे दांडे, मेथीच्या काड्या, असलं सगळं विकणाऱ्या बाया बसल्या जागी टाकून जायच्या. बाजार उठायच्या वेळी बायनाबाई पोती घेऊन यायची आणि सगळं वेचून न्यायची. हे कुणाचं, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मग सरपंच आबासाहेबांना स्वच्छ गावाच्या बक्षिसाने झपाटलं. कुठलंसं बक्षीस मिळालेलं गाव ते पाहून आले आणि तेव्हापासून त्यांना जिथं तिथं कचराच दिसू लागला. त्यांनी ग्रामसभा बोलावली आणि ठराव मांडला, की गावातला आणि बाजारातला सगळा कचरा पंचायतीच्या घंटागाडीतच जाईल आणि घंटागाडी पंचायतीच्या खतखड्ड्यावरच जाईल. दुसरीकडे कुठंही नाही. सगळ्यांनी हात वर केले. बायनाबाईने तर दोन्ही केले. गाव स्वच्छ व्हावं असं तिला मनापासून वाटत होतं. आपला पाला म्हणजेच कचरा, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ते ध्यानात आणून दिलं घंटागाडीवाल्या रामहरीने. पुढच्या मंगळवारी बायनाबाईने पोतं भरलं आणि रामहरीने त्याचं दुसरं टोक धरलं.

"काकू, सोडा. ह्यो पंचायतीचा कचरा हाय."

"कचरा असंल तुज्या घरी! माज्या म्हशीचा चारा हाय ह्यो."

"ठरावाला तुमीच हात वर केलता की ओ."

"तवा हातात पाला न्हवता!"

ओढाताणीत पोतं मधोमध फाटलं. पाला पडला मातीत, आणि मातीतून थेट घंटागाडीत. रामहरी तसा वाईट माणूस नव्हता. पण तपासणीची कमिटी यायची होती, खतखड्डा अर्धा रिकामा होता आणि तो भरून दाखवायचा हुकूम होता.

तो आठवडा बिजलीला वाईट गेला. ती वाळला कडबा हुंगायची आणि मान फिरवून बायनाबाईकडे बघत बसायची. शनिवारी बालाजीचा फोन आला, मानवतचा व्यापारी येत्या बुधवारी म्हैस बघायला येणार म्हणून. बायनाबाईने त्या व्यापाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, पण फोन ठेवल्यावर ती गोठ्यात बिजलीपाशी जाऊन बसली. गाभण जनावर दावणीवरून न्यायचं म्हणजे काय, हाच विचार तिच्या मनात घोळत राहिला.

सोमवारी ती पंचायतीत गेली. तिथे पंकजा नावाची नवी ग्रामसेविका होती. पोरगी परभणीहून स्कूटीवर यायची, कुणाला उलट बोलायची नाही आणि कुणाचं आंधळेपणाने ऐकायचीही नाही. तिने सगळी हकीकत ऐकली, ठराव पुन्हा वाचला आणि तालुक्याच्या साहेबांना फोन लावला. फोन बराच वेळ चालला. तेवढ्यात बायनाबाईचा चहा पिऊन झाला, आणि मग गार होतोय म्हणून पंकजाचाही.

"साहेब म्हणाले, टाकून दिलेल्या कचऱ्याचं काय करायचं ते पंचायत ठरवू शकते," पंकजाने फोन ठेवत सांगितलं. "पण विकणारीने जे टाकलेलंच नाही, तो तिचा माल आहे. ती तो कुणालाही देऊ शकते. अमक्यालाच दे, असं पंचायतीला सांगता येणार नाही."

"म्हंजी पडायच्या आत धरायचं?"

"हो, तसंच समजा काकू."

मंगळवारी बाजारात जे झालं ते पाहायला चहाचं हॉटेल रिकामं झालं. पोखर्णीची मालनबाई कोबीचे गड्डे सोलत होती आणि बायनाबाई समोर उकिडवी बसून पान न् पान वरच्या वर झेलत होती. एक पान वाऱ्याने उडालं तर ती त्याच्यामागे धावली आणि रामहरीच्या पायाशी पोचायच्या आत तिने ते पकडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जमिनीवर काडी पडेना. रामहरी रिकाम्या गाडीत बसून जांभया देऊ लागला आणि शेवटी त्याने आबासाहेबांना बोलावून आणलं. त्यांच्या मागोमाग पंकजाही आली.

आबासाहेबांनी दोन टम्म पोती पाहिली आणि त्यांचं डोकं चाललं.

"हातात दिलेलं तुमचं, काकू. कबूल. पण पोत्यात भरून गावातून न्यायलात म्हंजे ती झाली कचऱ्याची वाहतूक. वाहतूक करायची ती घंटागाडीनं. पोतं चालायचं न्हाई, टोपलं न्हाई, हातगाडी बी न्हाई."

"सर, असं ठरावात कुठंही..." पंकजा म्हणू लागली.

"म्याडम, उद्या कमिटी हाय!"

दोन्ही पोती गाडीत रिकामी झाली. भांडणाला नेहमी तयार असलेली बायनाबाई या वेळी रिकामी पोती उचलून त्यांच्या घड्या घालू लागली. तिला दिसत होता उद्याचा बुधवार आणि दावणीपाशी उभा राहिलेला व्यापारी. तिचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तिने तोंड फिरवलं.

मालनबाईने सोलता गड्डा खाली ठेवला. "बायना, बस त्या खोक्यावर. पदर पसर."

"कशाला?"

"वटी भरते तुजी. पोतं न्हाई, टोपलं न्हाई. पदर तर चालतोय न्हवं?"

बाजारातल्या बाया खदखदून हसल्या. बायनाबाई मात्र मागे सरकली. "काय बोलायलीस? माजी वटी?"

हसू थांबलं. नवरा बन्सीधर गेल्यापासून बायनाबाईची ओटी कुणी भरली नव्हती. हळदी-कुंकवाला ती जायची, पण स्वयंपाकघरात. चहा ती झकास करते, म्हणून तिथंच बरी, असं सगळ्याच म्हणायच्या आणि त्यात कुणाला काही वाटायचं नाही. आता मात्र एकमेकींकडे बघवेना.

शेजारी तिखट-मसाल्याचं दुकान मांडलेली नर्मदाबाई उठली. "म्याडम, हिची वटी भरायची न्हाई असा ठराव झालाय का कुठं?"

"नाही," पंकजा म्हणाली.

"मंग बस, बायना."

तिने हळदीच्या पाटीत बोट बुडवलं आणि बायनाबाईच्या कपाळावर टेकवलं. बायनाबाई खोक्यावर बसली. तिने पदर पसरला. मालनबाईने पाच वेळा कोबीची पानं घातली, नर्मदाबाईने मुळ्याचा पाला मागून आणून घातला. मग रांगच लागली. मेथीवाली आली, फ्लॉवरवाली आली. आबासाहेबांची बायको सुमनबाई भाजीची पिशवी घेऊन उभी होती. तीही पुढं आली, पिशवीतल्या चांगल्या मुळ्यांचा पाला तिने मोडून घातला आणि नवऱ्याकडे बघितलं.

रामहरी हळूच म्हणाला, "आबासाहेब, ह्यो बी कचराच की ओ."

"म्हण की मोठ्यानं," सुमनबाई म्हणाली. "भरल्या वटीला कचरा म्हण, सगळ्यांच्या म्होरं."

रामहरीने आबासाहेबांकडे बघितलं. आबासाहेबांनी सगळ्या बाजाराकडे बघितलं. बक्षीस त्यांना हवं होतं, पण ते घेऊन त्यांना याच गावात राहायचं होतं.

"गाडी काढ रामहरी," ते म्हणाले. मग जरा थांबून खालच्या आवाजात, "काकू, म्होरल्या मंगळवारपासून पोतंच आणा. पदर फाटंल."

बायनाबाई उठली. पदर दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता, पानं हनुवटीपर्यंत आली होती. मालनबाईने तिला थांबवलं आणि एक न सोललेला, पांढराशुभ्र, घट्ट गड्डा सगळ्याच्या वर ठेवला.

"ह्यो म्हशीला घालू नगं. ह्यो तुजा."

एरवी बायनाबाई घरी जाईपर्यंत वाटेत चार जणांशी बोलायची. त्या दिवशी ती थेट घरी आली. उद्याच्या व्यापाऱ्याला दारातूनच परत लावायचं, हे तिने वाटेतच ठरवून टाकलं होतं. गोठ्यात पाऊल टाकताच बिजलीला पाल्याचा वास लागला, ती चक्क उठून उभी राहिली आणि दावं ताणून ओरडू लागली.

"थांब गं जरा," बायनाबाई तिला म्हणाली. आणि भरली ओटी तशीच पोटाशी धरून ती गव्हाणीच्या कडेला बसून राहिली. म्हैस ओरडत होती, तरी तिला पदर सोडवेना.