इटलीचं मागीलदार

ये गो, अशी जवळ ये. तो फोन टेबलावर आडवा टाकून बोलतेस आणि मला तिकडचं छप्पर तेवढं दिसतं. किती वेळा सांगितलं, तोंड दाखव म्हणून! आता मी लिहायलाच बसले, चार लोक वाचतील असं. लिहिलेलं मध्येच तुटत नाही, आणि "आजी, लेक्चर आहे" म्हणून तुला पळताही येत नाही.

मैत्रिणींना हसत हसत सांगितलंस म्हणे, आमची आजी पुण्यात आली आणि आठवडाभर आम्हाला हॉटेलांच्या कचऱ्याच्या डब्यांमागून फिरवलं. सांग हो, सांग. पण अर्धं सांगू नये माणसाने.

वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगते. ही माझ्या लेकीची लेक. पुण्यात वाढली, आणि गेल्या वर्षी पुढच्या शिक्षणाला इटलीला गेली. मी राहते मालवणच्या अलीकडे, कट्टा गावापासून थोडं आत. भात, काजू, दोन-चार आंब्याची झाडं. सांगण्यासारखं असं माझं काही नाही. पण ही पोरगी कशी आहे ते मला माहीत आहे. जेवण आवडलं नाही तर ती भांडत नाही, आदळआपट करत नाही. नुसती जेवत नाही. बारावीनंतर हॉस्टेलला गेली आणि चार महिन्यांत काडी होऊन परत आली. सलाईन लावावं लागलं. डॉक्टरने विचारलं, काय खात होतीस? तर म्हणे, बिस्किटं.

आणि ही निघाली इटलीला, दोन वर्षं!

आमच्याकडे मुलगी द्यायची तर आधी घर बघायला जातात. पुढचं खळं, म्हणजे अंगण, सारवलेलं, तुळशीला पाणी घातलेलं, सगळं झकपक असतंच. पाहुणे यायचे म्हटल्यावर कोण घाण ठेवील? म्हणून जाणती बाई चहा पिते आणि "जरा हात धुते" म्हणून मागीलदारी जाते. मागीलदार म्हणजे घराची मागची बाजू. भांडी तिथे घासतात, मासे तिथे साफ करतात. मासे कापायचा दगड ओला आहे की सुकून खडखडीत, वाडग्यात काय उरलंय, मांजर गुबगुबीत की हडकुळं, हे बघून घ्यायचं. पुढच्या दारी माणसं काय हवं ते सांगतात. मांजराला खोटं बोलता येत नाही. मी अशी कितीतरी घरं बघून आले आहे.

आता लग्न नसलं म्हणून काय झालं? पोरगी परक्या ठिकाणी राहायला जातेय, तर तिच्या पानात काय पडणार ते बघायला नको? माझी शेजारीण ख्रिस्ती, तिचा भाऊ बोटीवर होता. ती म्हणाली, "भियां नको गो. थंयची माणसां दर्यावरची. पाव खातत, मासे खातत. पोर उपाशी रवाची नाय." ऐकून बरं वाटलं, पण ऐकलेलं ते ऐकलेलं. इटलीला मला कोण नेतो? मग म्हटलं, पुण्यात त्यांची हॉटेलं आहेत ना, तीच बघून येऊ. बसमध्ये बसले आणि गेले लेकीकडे.

पहिल्या दिवशी नातीने फोनवर चांदण्या बघितल्या. ज्या हॉटेलाला जास्त चांदण्या ते चांगलं. मी विचारलं, ह्या चांदण्या देतं कोण? तर म्हणे लोक. कुठले लोक? म्हणे, कुठलेही. बरं, गेलो. मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावर. जमीन इतकी गुळगुळीत की मी चप्पल काढायला वाकले, तर नातीने हात धरून वर ओढलं. मी म्हटलं, "ह्येंचा मागीलदार खंय आसा?"

लेक माझी पुण्यात वीस वर्षं राहते, सगळ्यांशी छान छापील बोलते. पण रागावली की तिची मालवणी बाहेर येते. "आये, गप रव! हंय कोण मागीलदारी जाता? तिसऱ्या माळ्यावर आसंस तू!"

तरी मी हात धुवायच्या निमित्ताने गेलेच. मागे काय, तर त्याच मजल्यावर गाड्या ठेवायची जागा आणि एक बंद लोखंडी दार. परत येताना मात्र स्वयंपाकघराचं झुलतं दार क्षणभर उघडलं, आणि दिसलं ते दिसलं. प्लास्टिकच्या डब्यांतून शिजवून ठेवलेल्या शेवयांचे गोळे. एकावर एक रचलेले, शिळ्या भाताच्या मुदीसारखे.

नात म्हणाली, "आजी, तू त्याला आपले शिरवाळे समज." अगो, शिरवाळे आम्ही साच्यातून पाडतो आणि गरम आहेत तोवर नारळाच्या रसात घालून खातो. सकाळी पाडून रात्री वाढले तर पाहुणा उठून जाईल! तिथे तो गोळा लाल रश्शात परतून आणला. रस्सा गोड. टोमॅटोच्या सारात कुणी साखर सांडून ठेवावी तसा. आणि शेवया तोंडात घातल्या तर गिळायच्या आधीच गेल्या. आजाऱ्याला देतात तसं मऊ मऊ. वरून एक मुलगा चीज किसायला उभा राहिला, म्हणाला, "पुरे झालं की सांगा." मला काय ठाऊक किती पुरे? मी गप्प, तोही किसतोय. शेवटी लेकीने त्याचा हात धरला. पुढच्या टेबलावर मंचुरियन चाललं होतं.

नात मात्र खात होती. अर्धं खाल्लं, आणि अर्धं काट्याने ताटाच्या कडेला सारून ठेवलं. ते सारलेलं मी बघितलं.

दुसऱ्या ठिकाणी आम्हाला बाहेर तासभर बसवलं. पैसे देऊन जेवायचं आणि वर रांग लावायची! रेशनच्या दुकानात तरी बरोबरच्या बायका बोलतात. इथे सगळे आपापल्या फोनात. आत गेल्यावर मी मुद्दाम मासा मागवला, म्हटलं दर्यावरची माणसं ना, माशावरून परीक्षा होऊन जाऊ दे. आला पांढराशुभ्र तुकडा. विचारलं कुठला मासा, तर म्हणे बासा.

"ह्यो मासो कसलो?" मी म्हटलं. "काटो नाय, वास नाय. ह्यो दर्यात कधी गेल्लो तरी काय?"

"आजी, हळू!" नात म्हणाली.

"हळू कित्याक? मासो मेलोच आसा, तो ऐकतलो थोडोच!"

तिला हसू आलं, पण तो मासा तिनेही खाल्ला नाही. नुसता पाव खाल्ला. आणि माझ्या मनात तो हॉस्टेलचा बिस्किटांचा पुडा. रात्री लेक मला म्हणाली, "आये, तू तिच्या डोक्यात भरवतंस हां. तुझ्यामुळे ती थंय जाऊन जेवची नाय." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मी बघितलं नाही म्हणून पोर जेवणार होती का?

मग तिसऱ्या वेळी मी सांगून टाकलं, चांदण्या नकोत, हॉटेल मी शोधणार. डेक्कनच्या बाजूला चालत निघालो. ऊन असं की डोकं फुटेल. आणि एका बोळाच्या तोंडाशी मला वास आला. ताज्या माशाचा! आत शिरले. दोन मांजरं, दोन्ही ढोल. ओली फरशी, आणि मोरीच्या तोंडाशी चंदेरी खवले पडलेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला पुण्यात बरं वाटलं. बोळाला वळसा घालून पुढे आलो तर वर इटलीचा झेंडा रंगवलेली पाटी! मी लेकीकडे असं बघितलं, असं बघितलं, की विचारू नका.

आत बसलो. आणि परत तेच. तोच गोड रस्सा, तीच गळून पडलेली शेवई, मासा विचारला तर बासा. माझं डोकंच फिरलं. पैसे देऊन झाले तशी मी तरातरा मागे गेले. तिथे एक माणूस बसून सुरमई कापत होता. त्याला म्हटलं, एवढा चांगला मासा मागे कापता आणि पुढे गिऱ्हाइकाला ते पांढरं रबर वाढता, लाज नाही वाटत?

त्याने कोयता थांबवून मान वर केली. मग विचारलं, "खंयची गो तू?"

"कट्ट्याची."

"मी देवगडचो." त्याने कोयत्यानेच बोट दाखवल्यासारखं केलं. "ह्या दार आमच्या खानावळीचा. तेंचा दार ता थंय, खोके दिसतत तां. कट्ट्याची बाय आणि आमका सोडून थंय जेवलंस?"

अगो, बोळ एक, मागीलदारं दोन! खोक्यांवर रश्शाच्या पाकिटांची चित्रं. नात भिंतीला टेकून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लेकीने डोक्याला हात लावला. मी त्याला सांगितलं, नात इटलीला जातेय, तिथलं जेवण बघायला आलेय. तर तो म्हणतो, "मगे थंय जाऊन तिनी मालवणी खानावळ काढूची. तुका घोर नाय, तिका उपास नाय." सगळे हसले. मला हसू येईना. मी पुण्यात कशासाठी आले होते, ते कुणाला कळतच नव्हतं.

शेवटचा दिवस सोमवार. संध्याकाळी माझी बस. सकाळी लेक स्वतःच म्हणाली, ऑफिसातल्या कुणीतरी एक जागा सांगितली आहे, लहानशी आहे, चल. मला वाटतं तिलाही आतून भीती होतीच, फक्त ती बोलत नव्हती. गेलो तर पाटी लटकलेली: सोमवारी बंद. मी त्या पायरीवरच बसले. आता कुणाला शिव्या द्यायच्या?

बाजूचं छोटं दार मात्र उघडं होतं. नात म्हणाली, "आजी, मागीलदार." तिनेच सांगितलं हो, मी नाही. बघितलं तर एक बाई फळीवर पीठ मळत होती. टोमॅटो खरे, टोपलीत. लसणीची माळ. काठीवर वाळत घातलेल्या पिठाच्या पट्ट्या. मी दारातूनच विचारलं, काही खायला मिळेल का? ती म्हणाली, "आजी, आज चूल पेटवलेली नाही. उद्या या." उद्या मी कट्ट्याला! तिने एका पट्टीचा तुकडा मोडून हातावर ठेवला. कच्चा. चावून बघितला. उकड्या तांदळाच्या पेजेतलं शीत कसं दाताला लागतं, तसा शिजल्यावर लागेल असं वाटलं. पण वाटलं नुसतं. ते काही जेवण नव्हे.

ती इटलीत राहून शिकून आली होती, तिनेच सांगितलं. मग मी सरळ विचारलं, "ही पोर तिथे जेवेल का?"

तिने हात पुसले, नातीकडे बघितलं. म्हणाली, "जेवण छान आहे हो तिकडे. घरात तासभर बसून जेवतात, आग्रह करतात. पण ते घरातल्यांना. खोली घेऊन एकटी राहणारी मुलगी उभ्या उभ्या कॉफी पिते, पाकीट फोडते आणि झोपते. मीही तेच केलं. जेवायला बसवणारं कोणी भेटलं तर जेवेल."

झालं. आठवडाभर मी रश्शात साखर शोधत होते, माशात काटा शोधत होते, आणि मला बघायचं होतं ते पुण्यातल्या एकाही हॉटेलात मिळणारं नव्हतं. बसमध्ये रात्रभर मला राग येत होता. कुणाचा ते सांगता येणार नाही.

तू गेलीस. आता रोज मी विचारते, "जेवलंस काय?" आणि तू म्हणतेस, "हो आजी." प्रश्न संपायच्या आधी तुझं "हो" येतं. जेवलेलं माणूस असं उत्तर देत नाही गो. जेवलेलं माणूस आधी काय जेवलं ते सांगतं, मग मीठ कमी होतं म्हणतं, मग कोण बरोबर होतं ते सांगतं. तू कधी सांगितलंस, आज माझ्या शेजारी कोण बसलं होतं?

मला तुझ्या ताटाचे फोटो नकोत. तिकडे कुणाची ओळख कर. एखादी म्हातारी बघ, त्या देशात म्हाताऱ्या असतीलच. तिच्याकडे जाऊन बस. आजी ओरडते म्हणून सांग. आणि नाताळच्या सुट्टीत इकडे ये. शेजारीण म्हणते तिच्याकडेही यायचं. महाग पडतं म्हणशील, पडू दे. चार दिवस माझ्यासमोर पाटावर बस, दोन वेळा जेव, बोलत बोलत जेव, मला डोळ्यांनी बघू दे. मग जा परत, मी काही म्हणणार नाही. पण ये गो बाय. लवकर ये.