फेसाखालची कोरी पट्टी

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर तीन महिन्यांची हंगामी नोकरी लागली, तेव्हा आईने गल्लीत साखर वाटली. मालवणच्या किनाऱ्यालगत समुद्राची खोली मोजणाऱ्या पथकात मदतनीस म्हणून जायचे होते. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. घाट उतरून वैभववाडीला एसटी थांबली, तिथे घामाने सदरा अंगाला चिकटला. तरी मी कोट काढला नाही. सरकारी कामाला निघालो होतो.

मालवणात एसटी स्टँडसमोरच्या खानावळीत खोली मिळाली. पहिल्याच जेवणात बांगड्याचा काटा घशात अडकला आणि कोरड्या भाताच्या गोळ्याबरोबर उतरला. दुसऱ्या दिवशी बंदरावर गेलो.

आमच्या पथकाचे साहेब मोठ्या शहरात शिकलेले. त्यांचे नवे यंत्र भाड्याच्या होडीवर बसवले होते. हे यंत्र पाण्यात आवाज सोडायचे, तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला यावरून खोली काढायचे आणि कागदाच्या गुंडाळीवर तळाची काळी रेघ उमटवायचे. ती रेघ वाचणे हे माझे काम. रेघेवरून नकाशा होणार आणि वादळात आसऱ्याला येणाऱ्या होड्यांसाठी वाट दाखवणारी तरंगती पिंपे समुद्रात बसणार होती.

होडीचे तांडेल (होडी चालवणारा प्रमुख) दाजी साठीचे होते. मधेच होडी थांबवून त्यांनी वल्ह्याचे पाते पाण्यात बुडवले आणि दांडा कानाला लावला.

"आयका मास्तर, घोळ बोलता हा."

मी कान लावला. लाकडातून खोल, ढोलासारखी धडधड येत होती. घोळ माशांचा थवा खाली कुठेतरी आवाज करत होता. पाणी आवाज किती चांगला वाहून नेते हे मी पुस्तकात वाचले होते, ऐकले मात्र पहिल्यांदाच. साहेब हसले. म्हणाले, "झालं का डॉक्टरांचं छाती तपासून? चला आता."

माझे तीन महिने संपत आले, तेव्हा मोजणीत अशी एक जागा आली, जिथे पाणी सतत पांढरे फेसाळत होते. होडी त्यावरून गेली आणि यंत्राची रेघ तुटली. बोटभर रुंदीची कोरी पट्टी राहिली. तीनदा गेलो, तीनदा कोरी.

"फेसातला पाणी भैरा आसता," दाजी म्हणाले. "वल्ह्यातसून पण कायेक आयकाक येवचा नाय. पण खाली खडप (पाण्याखालचा खडक) आसा. दोरी सोडून बघा."

"दोन्ही बाजूंना खोली सारखीच आहे," साहेब मला म्हणाले. "मध्ये रेघ जोडून टाका."

"सायबानु, आमका ठाऊक आसा, आमी वळसो घालून जातव. भायल्यांका (बाहेरच्यांना) कोण सांगतलो?"

"तांडेल, तुमच्या कानावर नकाशा काढायचा का आम्ही?"

माझे कान तापले. दाजींना नव्हे, मला कुणी तसे बोलल्यासारखे वाटले. माझे वडीलही शाळेत गेले नव्हते.

संध्याकाळी खानावळीत मी गोटी सोडा मागवला. ग्लासात ओतला आणि बुडाशी चमच्याने वाजवू लागलो. दाजी शेजारीच बसले होते.

"मास्तर, सोडो पिऊक घेतलात काय वाजवूक?"

फसफसत होता तोवर आवाज मडके वाजवल्यासारखा बद्द होता. बुडबुडे निघून गेले तसा तो चढत गेला आणि शेवटी खणखणू लागला. मी साहेबांना बोलावून पुन्हा करून दाखवले. नुसते पाणी दाबले जात नाही, म्हणून त्यातून आवाज वेगाने जातो. बुडबुडे स्पंजासारखे दबतात आणि फुगतात. आवाजाचा जोर त्यातच संपतो, उरलेला इकडेतिकडे विखुरतो. पुरेसे बुडबुडे असले तर तो हवेतल्यापेक्षाही सावकाश चालतो. तळापर्यंत आवाज गेलाच नाही, तर रेघ कुठून येणार?

"मला शिकवताय?" साहेब म्हणाले. "हे मला ठाऊक आहे. पण यंत्र आल्यावर दोरीची गरज नाही, असं मी लेखी कळवलंय."

ठाऊक होते. याचाच मला आजही संताप येतो.

सकाळी ओहोटी सरून पाणी थबकले, तेव्हा दाजींच्या लहान होडीतून आम्ही दोघे गेलो. शिशाचा गोळा बांधलेली दोरी मी स्वतः सोडली. कडेला सात वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढे अंतर). फेसाच्या पट्ट्यात दीड. पुन्हा सोडली. दीडच. पिंपांच्या मधोमध बिनधास्त येणारी होडी डोळ्यांपुढे उभी राहिली.

परत येऊन ती मापे मी कोऱ्या पट्टीवर शाईने लिहिली. साहेबांनी तोवर सलग रेघेचा नकाशा तयार ठेवला होता. खाली दोन सह्यांच्या जागा होत्या, एक त्यांची, एक वाचन करणाऱ्याची.

"सही करा. तुमच्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागदही इथेच आहे."

"ही रेघ मी वाचलेली नाही. दोन्ही जागी तुम्हीच करा."

त्यांनी पेनचे टोपण काढले. बराच वेळ पेन कागदावर धरले. मग टोपण लावले, रेघेचा तेवढा तुकडा खोडला आणि "येथे दोरीने फेरमोजणी आवश्यक" असे लिहिले. मुदतवाढीचा कागद घडी करून खिशात घातला.

स्टँडवर दाजी आले होते. "नोकरी गेली मां?"

"गेली."

"माका वाटलाच. शिकलेल्या सायबाबरोबर भांडल्यार असाच व्हता." त्यांनी माझ्या पिशवीत सुक्या बांगड्यांची पुडी कोंबली. "आवशीक (आईला) द्या. काटे काढून खावा म्हणान सांगा."

घरी आईने विचारले, "काही चुकलं का रे तुझं?" नाही म्हणालो. त्या महिन्यात गल्लीत ती फारशी बाहेर बसली नाही. त्याचे मला अजून वाईट वाटते.

यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. त्याला ऐकू आले नाही, ते त्याने कोरे ठेवून सांगितले. दाजींनीही तेच सांगितले होते. राग आहे तो सही न करताच कागदावरून उचललेल्या पेनाचा. परक्या होड्या ज्या रेघेवरून जाणार होत्या, तिच्याखाली माझी सही साहेबांना चालत होती, स्वतःची एकट्याची मात्र नको होती.